जत्रेच्या दिवसांतील आरोग्य व सुरक्षितता

खरिपाची सुगी उरकली आणि रब्बीची ज्वारी पोटरीत आली की सातारा व सांगली जिल्ह्यांत जत्रांचे दिवस सुरू होतात. म्हसवडच्या श्रीसिद्धनाथाचा रथ, पुसेगावची श्रीसेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात पाल येथील खंडोबाचे लग्न, खरसुंडीचा खिलार जनावरांचा बाजार आणि मांढरदेवची काळूबाई, अशी ही मालिका थंडी सरेपर्यंत चालते. याच दिवसांत साखर कारखान्यांचा गाळप हंगाम ऐन भरात असतो. पेरणीची तयारी शेतकरी महिनाभर आधी करतो. जत्रेला निघण्याची तयारी मात्र बहुधा आदल्या रात्री होते.

वाई तालुक्यातील मांढरदेवच्या डोंगरावर मंगळवार, दिनांक 25 जानेवारी 2005 रोजी, पौष पौर्णिमेस, जी दुर्घटना घडली तिचे स्मरण या भागातील प्रत्येक कार्यकर्त्याने ठेवावयास हवे. चेंगराचेंगरी व आग यांत सुमारे तीनशे माणसे मृत्युमुखी पडली. शासनाने चौकशीसाठी न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला. घटनेची कारणे पाहिली असता ती अगदी साधी असल्याचे दिसते. देवळाकडे जाणारी वाट चढणीची व अरुंद होती आणि तिच्या कडेने दुकाने थाटलेली होती. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. काही माणसे घसरून पडली आणि मागून येणारा लोंढा थांबला नाही. पुढे दुकानांस आग लागली, गॅसच्या टाक्यांचे स्फोट झाले, आणि पळावयास वाट उरली नाही. यांपैकी एक ना एक गोष्ट आपल्या गावच्या जत्रेतही असतेच. तेथे त्या साऱ्या एका वेळी एकत्र आल्या.

म्हणून गावची जत्रा ठरली की ग्रामपंचायत व यात्रा समिती यांनी प्रथम वाट पाहावी, मंडपाची शोभा मागाहून. देवळात जाण्याचा व बाहेर पडण्याचा मार्ग वेगळा ठेवावा. दुकाने एकाच बाजूस, वाटेपासून हटवून मांडावीत. भजी-जिलेबीच्या भट्ट्या व गॅसच्या टाक्या गर्दीपासून दूर असाव्यात. नारळ फोडण्याची जागा पायऱ्यांपासून लांब, मुरूम टाकून करावी. विजेची जोडणी जाणत्या तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी. आकडे टाकून दिव्यांच्या माळा लावण्याची हौस महागात पडते.

गर्दीत माणूस पायदळी तुडविल्याने मरतो असा समज आहे. पुष्कळदा तो उभ्यानेच गुदमरतो, कारण छाती दाबली जाऊन श्वास घेता येत नाही. रेटा वाढू लागल्यास दोन्ही हात कोपरात दुमडून छातीपुढे धरावेत, म्हणजे श्वासास जागा राहते. उलट रेटा देऊ नये. पायातील वहाण निसटली तर ती उचलण्यास वाकू नये. रेटा किंचित ओसरताच तिरपे सरकत कडेला यावे. लहान मुलांच्या खिशात नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. तान्ही मुले, गरोदर स्त्रिया व दमेकरी वृद्ध यांना पौर्णिमेच्या दिवशी नेण्याचा आग्रह कशासाठी? दर्शन चार दिवसांनीही होते, आणि तेव्हा ते निवांत होते.

पाण्याची काळजी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांकडे येते. जत्रेत पाण्याचा खप एकदम वाढतो, टाकी दिवसातून अनेकदा भरली जाते आणि शुद्धीकरण मात्र एकदाच होते. अतिसार व काविळीच्या साथी येथूनच सुरू होतात. दर हजार लिटर पाण्यास सुमारे अडीच ते पाच ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर लागते. तिची निवळी करून ती टाकीत घालावी आणि निदान अर्धा तास पाणी वापरू नये. टाकी जितक्या वेळा भरेल तितक्या वेळा हे करावे. पावडरीचे पोते उघडे राहिले तर तिचा जोर उडून जातो. म्हणून नळाच्या टोकाशी ओटी चाचणी घेऊनच पाणी चांगले म्हणावे. तासगावकडील द्राक्ष बागायतदारांस एक खास विनंती आहे. औषधाचे रिकामे डबे कितीही धुतले तरी त्यांतून प्रवासासाठी पाणी नेऊ नये.

आता रस्त्याविषयी. जत्रेकरूंची वाहने व उसाच्या ट्रॉल्या रात्री एकाच रस्त्यावर येतात. ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस आणि मागे दिवा नाही, अशी स्थिती असता मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारास ती अगदी जवळ आल्यावरच दिसते. प्रत्येक ट्रॉलीस मागे व दोन्ही बाजूंस परावर्तक पट्ट्या लावाव्यात. बिघडलेली ट्रॉली रस्त्यात सोडून जेवावयास जाणे हा तर गुन्हाच समजावा. ट्रॉली मालासाठी असते. तीत बायकामुले बसवून घाट चढणे अत्यंत धोक्याचे आहे. एस. टी.ची जादा गाडी मिळत असता ही जोखीम घेऊ नये. अपघात झाल्यास रुग्णवाहिकेसाठी 108 व पोलिसांसाठी 112 हे क्रमांक फिरवावेत.

बाजारात जनावरे न्यावयाची असल्यास लाळखुरकुताची लस दोन-तीन आठवडे आधी टोचून घ्यावी. आदल्या दिवशी टोचलेल्या लसीचा उपयोग होत नाही. नवे जनावर घरी आणल्यावर काही दिवस वेगळे बांधावे.

मुक्कामी थंडी असते. वृद्धांनी व रक्तदाबाच्या रोग्यांनी पहाटे गार पाण्याने स्नान करू नये, गोळ्या सोबत ठेवाव्यात. शेकोटी उघड्यावर करावी. दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवल्यास विषारी वायू साठतो. त्यास वास नसतो, आणि झोपलेल्यास जागही येत नाही. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांजवळ तर विस्तव फार जपून हाताळावा, कारण वाळलेले पाचट क्षणात पेट घेते. कोपीपासून काही अंतरावर चूल मांडावी, भोवतालचे पाचट ओढून घ्यावे, आणि निजण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओतून राख पालथी करावी.