भाड्याचं घर : दुरुस्ती कोणाची, बाग कोणाची?

कायदा : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. वेगळा करार नसेल, तर घर राहण्याजोगं ठेवणं हे घरमालकाचं कर्तव्य (कलम 14).

मालकाने टाळाटाळ केली तर : किमान 15 दिवसांची नोटीस द्या. त्यानंतरही वाजवी मुदतीत काम झालं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही वजावट वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नसावी. दरमहा 12,000 रुपये भाडं असेल, तर वर्षाला कमाल 36,000 रुपये.

कामांची वाटणी : केंद्राच्या 2021च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली यादी करारासाठी उपयोगी आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय ती बंधनकारक नसते.
• मालक : बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, पाण्याचे पाइप, विजेचं वायरिंग.
• भाडेकरू : नळ व वॉशर, तुंबलेली मोरी, गीझर, स्विच, कड्या-कुलुपं, खिडक्यांच्या काचा आणि वापरातल्या बागेची, अंगणाची निगा.

बागेबाबत हे लिहून घ्या : झाडांना पाणी कोण घालणार, पावसाळ्याआधी फांद्या कोण छाटणार, नारळ-आंबे कोणाचे?

लक्षात ठेवा : करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची (कलम 55). ताबा घेताना आणि सोडताना घराचे, बागेचे तारखेसह फोटो काढा. अनामत रकमेवरून होणारे वाद त्यामुळे टळतात.