आभासी वास्तव : हेडसेटमागची यंत्रणा

आभासी वास्तवाच्या हेडसेटमध्ये दोन छोटे पडदे किंवा दोन भागांत विभागलेला एक पडदा असतो आणि प्रत्येक डोळ्यापुढे एक भिंग असते. दोन्ही डोळ्यांना एकाच दृश्याची किंचित वेगळी चित्रे दिसली की मेंदू त्यांतून खोलीचा अंदाज बांधतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1838 मध्ये हे तत्त्व मांडले. आयव्हन सदरलँड यांनी 1968 मध्ये अमेरिकेत डोक्यावर बसवायचा, संगणकाला जोडलेला पडदा तयार केला. त्याला आधार द्यायला छताला टांगलेली यंत्रणा लागत असे. पुढे मोबाइल फोनमुळे बारीक पडदे आणि हालचाल ओळखणारे संवेदक स्वस्त झाले. 2016 मध्ये ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह हे हेडसेट बाजारात आले आणि हे तंत्र प्रयोगशाळेतून घरात शिरले.

चित्र नुसते खोल दिसून भागत नाही, मान वळताच ते बदलावे लागते. हेडसेटमधील जायरोस्कोप आणि त्वरणमापक सेकंदाला सुमारे हजार वेळा हालचाल मोजतात. मात्र त्यांच्या मोजमापातील बारीक चुका साठत जातात. म्हणून कॅमेरे खोलीतील भिंती आणि वस्तू पाहून डोक्याची नेमकी जागा पुन्हा ठरवतात. डोके हलल्यापासून नवे चित्र डोळ्यांपर्यंत पोहोचेस्तोवर साधारण 20 मिलिसेकंदांहून अधिक वेळ जाऊ नये, असे मानले जाते. डोळ्यांना दिसणारी हालचाल आणि कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला जाणवणारी हालचाल जुळली नाही, की मळमळ सुरू होते. गाडी लागल्यावर होते तसाच हा प्रकार आहे.

संगणकावर खरा ताण येतो तो इथेच. सेकंदाला 90 चित्रे दाखवायची, तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम 11 मिलिसेकंद मिळतात. 2023 मध्ये आलेल्या मेटा क्वेस्ट 3 या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासाठी 2064 गुणिले 2208 पिक्सेल आहेत. 90 चित्रांच्या वेगाने दोन्ही डोळ्यांचे मिळून सेकंदाला सुमारे 82 कोटी पिक्सेल भरावे लागतात. सेकंदाला 60 चित्रे दाखवणाऱ्या साध्या फुल एचडी मॉनिटरला हेच काम सुमारे साडेबारा कोटींत भागते. त्यामुळे अशा संगणकात सर्वाधिक महत्त्व ग्राफिक्स कार्डाला आणि त्याच्या स्वतःच्या मेमरीला असते. मॉनिटरवर एखादे चित्र उशिरा आले तर खेळ क्षणभर अडखळतो, हेडसेटमध्ये तोच उशीर शरीराला जाणवतो.

हेडसेट मुख्यतः दोन प्रकारचे असतात. क्वेस्टसारख्या स्वतंत्र हेडसेटमध्ये प्रोसेसर आणि बॅटरी आतच असते. वायरींचा जाच नसतो, पण चित्रांचा तपशील मर्यादित राहतो आणि बॅटरी साधारण दोन तास पुरते. दुसऱ्या प्रकारात सगळी आकडेमोड संगणक करतो आणि हेडसेट फक्त चित्र दाखवतो. क्वेस्ट दोन्ही प्रकारे चालतो. तो संगणकाला यूएसबी केबलने किंवा वाय-फायने जोडता येतो. वाय-फाय वापरताना संगणक राउटरला केबलने जोडलेला असावा आणि राउटर त्याच खोलीत असावा. काही हेडसेटना मात्र डिस्प्लेपोर्टच लागतो, म्हणून लॅपटॉप घेण्यापूर्वी ती सोय तपासणे आवश्यक असते.

कामाच्या ठिकाणी हे तंत्र प्रशिक्षण आणि आराखड्यांसाठी जास्त उपयोगी पडते. वॉलमार्टने 2018 मध्ये अमेरिकेतील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी सुमारे 17 हजार हेडसेट घेतले. वास्तुरचनाकारांना न बांधलेल्या इमारतीत खऱ्या मापात फिरता येते. दिवसभर मजकूर वाचण्याचे काम मात्र अजून मॉनिटरवरच बरे. निरोगी डोळा एका अंशात सुमारे 60 पिक्सेल वेगळे ओळखू शकतो, तर क्वेस्ट 3 सुमारे 25 पिक्सेल देतो. शिवाय अर्ध्या किलोचे वजन चेहऱ्यावर असते.

छंदांमध्ये विमान उडवण्याचे आणि मोटारशर्यतीचे खेळ यात विशेष रंगतात. खेळाडू खुर्चीत बसलेला असतो आणि कॉकपिट त्याच्याभोवती स्थिर राहते, म्हणून मळमळही तुलनेने कमी होते. असे विमानखेळ प्रोसेसरवरही मोठा भार टाकतात. ‘बीट सेबर’सारखा तालावर हात चालवण्याचा खेळ किंवा हवेत चित्रे काढण्याचे ‘ओपन ब्रश’ स्वतंत्र हेडसेटवरही नीट चालते.

भिंगांमधील अंतर वापरणाऱ्याच्या दोन बाहुल्यांमधील अंतराशी जुळवून घ्यावे. प्रौढांमध्ये ते सरासरी 63 मिलिमीटर असते. ते जुळले नाही तर चित्र पुसट दिसते आणि डोळे शिणतात. भिंगांवर थेट ऊन पडू देऊ नये, कारण ते किरण एकवटून आतला पडदा जाळतात. सुरुवातीला वापराची वेळ थोडी ठेवावी आणि मळमळ जाणवताच हेडसेट काढावा.

खरेदीचा क्रम वापरावरून ठरतो. केवळ व्यायाम, चित्रकला किंवा साधे खेळ हवे असतील, तर स्वतंत्र हेडसेट पुरतो. विमानोड्डाण, शर्यत किंवा बारकाव्यांचे आराखडे हवे असतील, तर आधी समर्थ ग्राफिक्स कार्ड आणि मग हेडसेट घेणे सोयीचे ठरते.