घोडेस्वारातील दोन घोडे

‘घोडेस्वार’ हा शब्द उच्चारताना आपण एका दमात दोन घोडे हाकतो, याची जाणीव सहसा कोणास नसते. ‘स्वार’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्याचे प्राचीन इराणी रूप ‘असबार’, म्हणजे अश्वाने वाहिलेला. कालौघात आरंभीचा ‘अ’ गळाला आणि शब्दातला घोडा दिसेनासा झाला. मग घोडेस्वाराबरोबर सांडणीस्वारही निघाला. बिचाऱ्या उंटाच्या पाठीवर घोडा चढला!

हा लपलेला घोडा मोठ्या कुळातला. संस्कृत ‘अश्व’, अवेस्तातील ‘अस्प’, लॅटिन ‘एक्वुस’, मध्य आशियातील लुप्त तोखारी भाषेतील ‘याक्वे’ ही एकाच मूळ शब्दाची अपत्ये होत. ग्रीक ‘हिप्पोस’ही त्यांतलाच, जरी त्यातील ‘ह’काराने व्युत्पत्तिकारांना पुष्कळ छळले आहे. पारशांचा जामास्प आणि ग्रीकांचा फिलिप यांच्या नावांत हाच प्राणी दडला आहे. इसवी सनापूर्वी सुमारे चौदाव्या शतकात मितन्नी देशीच्या किक्कुली नामक अश्वशिक्षकाचा ग्रंथ हित्ती भाषेत लिहिला गेला. त्यात घोड्याच्या फेऱ्यांना ‘ऐकवर्तन्न’, ‘पंझवर्तन्न’, ‘सत्तवर्तन्न’ अशी नावे आहेत. ती संस्कृतज्ञास कोशाविना कळावीत.

एवढ्या आधारावर आर्यांचे मूलस्थान ठरवण्याचा मोह अनेकांना झाला. मूळ भाषेत घोड्याला शब्द होता, यावरून तो प्राणी ठाऊक होता एवढेच सिद्ध होते. तो माणसाळलेला होता, हे नव्हे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार आजच्या पाळीव घोड्यांचा वंश व्होल्गा व डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यांतून इसवी सनापूर्वी 2000 च्या सुमारास झपाट्याने पसरला. मूळ भाषेच्या शाखा त्यापूर्वीच फुटल्या होत्या, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. शिवाय शब्द उसने घेतले जातात, भाषा बदलल्या जातात. त्यांवरून रक्ताचा हिशेब मांडणे हे शास्त्र नव्हे.

आश्चर्य असे, की एवढा प्रतिष्ठित शब्द नित्याच्या बोलण्यातून जवळजवळ सर्वत्र हटला. लॅटिनच्या लेकींनी ‘काबाल्लुस’ हा ओबडधोबड शब्द पत्करला. त्याचेच फ्रेंच ‘शव्हाल’. ‘एक्वुस’चे स्त्रीरूप तेवढे स्पॅनिश घोडीच्या नावात, ‘येग्वा’त, तगून राहिले. आपल्याकडे ‘अश्वा’ची जागा ‘घोटका’पासून आलेल्या ‘घोड्या’ने घेतली, आणि त्या ‘घोटका’चे मूळ संस्कृतबाहेरचे असावे असा अनेक विद्वानांचा तर्क आहे. खुद्द ‘अश्व’ मराठीत उरला तो पोथ्यापुराणांत, आणि विहिरीवरच्या पंपाच्या अश्वशक्तीत.