खाडीपलीकडची ऊब, चंद्रापर्यंत

शीळफाट्याच्या नैऋत्येला, खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात घडवलेले दोन अणु-उष्णक (किरणोत्सर्गी पदार्थाच्या क्षयातून ऊब देणारे) 2023 मध्ये चांद्रयान-3च्या प्रणोदन भागातून अवकाशात गेले. प्रत्येकी फक्त 1 वॅटचे! अशी ऊब लागते कशाला? पृथ्वीभोवती दीड तासात फिरणाऱ्या अवकाशस्थानकाला सौरपंखे पुरतात. सुमारे 35 मिनिटांच्या सावलीत बॅटरी निभावून नेते. चंद्रावरची रात्र मात्र आपल्या 14 दिवसांची, तिथे उपकरणं गारठूनच निकामी होतात. म्हणून लांबच्या मोहिमांत विजेइतकीच उष्णताही पुरवायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. 1 वॅटनं काय होणार? यान चालणार नाही, पण नाजूक भाग बॅटरी न खर्चता उबदार राहू शकतो. धोक्याचा आक्षेप जास्त गंभीर: 1978 मध्ये कॉसमॉस-954 हा सोव्हिएत उपग्रह कॅनडावर कोसळून किरणोत्सर्गी तुकडे विखुरले. पण त्यात अणुभट्टी होती. उष्णकात साखळी अभिक्रिया नसते, नैसर्गिक क्षयाची ऊब असते; कवच मात्र अभेद्यच हवं.