हॅलडेक्सचं ऑइल बदललं, पण जाळीचं काय?

गॅरेज टाकायचं ठरवलंय, पण चार गॅरेजवाल्यांपेक्षा वेगळं काय द्यायचं ते सुचत नाहीये? मग हे काम शिकून घ्या.

स्कोडा यती, कोडियाकच्या फोर बाय फोर गाड्यांत मागच्या चाकांना ताकद देणारं हॅलडेक्स कपलिंग असतं. आत क्लच प्लेटा आणि त्यांच्यावर ऑइलचा दाब देणारा छोटा इलेक्ट्रिक पंप. प्लेटा झिजतात, चुरा ऑइलमध्ये उतरतो. म्हणून साधारण दर 3 वर्षांनी ऑइल बदलायचं. लागतं किती? एक लिटरसुद्धा नाही!

खरी गंमत पुढेच आहे. यतीतल्या चौथ्या पिढीच्या कपलिंगला बदलता येणारा फिल्टर आहे. कोडियाकमधल्या पाचव्या पिढीत तो नाही, पंपाच्या तोंडाशी नुसती बारीक जाळी. ऑइल काढलं, ओतलं, झालं, असं करणारे खूप. जाळी चोंदत जाते, पंप जोर लावत राहतो आणि एक दिवस जळतो. गिऱ्हाइकाला पत्ताच नसतो, कारण गाडी पुढच्या चाकांवर मजेत पळते. कळतं कधी? पावसाळ्यात चिखलात रुतल्यावर!

माझं ऐकाल तर दर वेळी पंप काढून जाळी धुवा. धुण्याआधी ती गिऱ्हाइकाला दाखवा, फोटो व्हॉट्सॲपवर टाका. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा, 3 वर्षांनी फोन तुम्हीच करायचा.

आणि हो, याचं ऑइल वेगळं येतं. जीपचं गिअर ऑइल उरलंय म्हणून यात ओतू नका.