पुण्याचा संघ, कोलंबोचं मैदान

वाळूजच्या बजाजनगरातल्या मोरे चौकात कुणाला ‘फुटबॉल’ म्हटलं, तर त्याच्या डोळ्यांपुढे गोल चेंडूच येणार. अमेरिकेत त्याच नावाचा चेंडू लांबट असतो, दोन्ही टोकांना निमुळता, आणि खेळात पायापेक्षा हातांचंच काम जास्त. वाळूजच्या कारखान्यांत पाळ्या करून मुलांना इंजिनीअर केलेल्या घरांतली काही मुलं आता एमएससाठी तिकडे जातात. पहिल्याच सप्टेंबरात त्यांना दिसतं, की शनिवारी अख्खं विद्यापीठ एकाच रंगाचे कपडे घालून स्टेडियमकडे निघालेलं आहे.

हा खेळ एकदा पुण्याच्या नावानं खेळला गेला आणि जिंकलाही गेला, हे मात्र आज फार थोड्यांना आठवत असेल. २०१२ मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’चा पहिला हंगाम झाला. आठ संघ होते. त्यांत पुणे मराठाज, मुंबई ग्लॅडिएटर्स, दिल्ली डिफेंडर्स, हैदराबाद स्कायकिंग्ज आणि श्रीलंकेचा कोलंबो लायन्सही होता. पाठीराख्यांत माइक डिटका आणि कर्ट वॉर्नर यांच्यासारखे अमेरिकन फुटबॉलमधले दिग्गज होते, तसाच हॉलिवूडचा अभिनेता मार्क वॉलबर्ग. वडील भारतीय असलेला, ग्रीन बे पॅकर्सकडून खेळलेला ब्रँडन चिलारही सोबत होता. खेळाडू उभे केले ते रग्बीसारख्या इतर खेळांतून. अंतिम सामन्यात पुणे मराठाजनी दिल्लीला ६-० असं हरवलं.

सहा गुण म्हणजे एका टचडाउनचे गुण. खेळ समजून घ्यायचा तर कबड्डी आठवावी. इथेही प्रतिस्पर्ध्याच्या मुलखात शिरायचं असतं आणि तो अंगावर येऊन पाडतो. फरक असा, की चढाई एकट्याची नसते, अकरा जणांची असते. मधला गडी वाकून दोन पायांतून चेंडू मागे देतो, मागे उभा असलेला क्वार्टरबॅक तो झेलतो आणि पुढच्या दोन-तीन सेकंदांत ठरवतो: शेजारच्याच्या हातात द्यायचा, की धावत सुटलेल्या गड्याकडे लांब फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर सरकलं, तर पुढचे चार प्रयत्न मिळतात. नाही सरकलं तर चेंडू समोरच्यांचा. मैदान शंभर यार्डांचं. त्यापलीकडच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन.

पुणे मराठाजचा हंगाम रंगला कोलंबोत. सामने आधी चित्रित करून नंतर टेन स्पोर्ट्सवर दाखवले गेले. पुण्याचा संघ जिंकला तेव्हा पुणे समुद्रापलीकडे होतं. लीगचा तो जोर पुढे टिकला नाही. पैसा होता, वाहिनी होती, शिरस्त्राणं आणि खांद्यांची चिलखतं होती. पण संघाला आपलं म्हणणारं गाव मैदानाच्या कडेला नव्हतं.

अमेरिकेत या खेळाची सुरुवातच गावापासून आणि कॉलेजपासून झाली. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्सटन या दोन कॉलेजांत पहिला सामना झाला. रटगर्स ६-४ असं जिंकलं. व्यावसायिक लीग आली ती अर्धशतकानंतर, १९२० मध्ये. तोवर शनिवार कॉलेजांचा झाला होता.

ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात तो शनिवार जवळून पाहावा. सकाळपासून वाहनतळांवर गाड्यांची मागची दारं उघडी असतात. शेगड्या पेटलेल्या असतात, आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे लाल कपड्यांत. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या घोड्याच्या नालेसारख्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. सामन्यापूर्वी विद्यार्थ्यांचं बँडपथक चालत चालत मैदानभर ‘ओहायो’ हा शब्द इंग्रजीत लिहितं, मोडीसारखा, अक्षराला अक्षर जोडून. शेवटी अंगाभोवती वेटोळं घातलेलं भलंमोठं पितळी वाद्य घेतलेला एक जण ठुमकत पुढे येतो आणि ‘आय’वरचं टिंब म्हणून उभा राहतो. ही प्रथा १९३६ पासूनची. त्या टिंबाला मिळणारी आरोळी टचडाउनलाही कधीकधी मिळत नाही.

याच संघाचा २०२४ चा हंगाम पाहण्यासारखा आहे. नेहमीच्या बारा सामन्यांत तो दोनदा हरला. ऑक्टोबरात ओरेगनकडून अवघ्या एका गुणानं, ३२-३१. दुसरी हार ३० नोव्हेंबरची, पिढीजात वैरी मिशिगनकडून, तीही घरच्या मैदानावर. दुपारी बाराला सामना सुरू झाला तेव्हा बजाजनगरात रात्रीचे साडेदहा वाजले होते. मिशिगनचा संघ त्या वर्षी साधाच मानला जात होता. तरी निकाल १३-१० असा उलटा लागला. मिशिगनकडून ही सलग चौथी हार. सामना संपल्यावर पाहुण्यांनी मैदानाच्या मध्यावर आपला झेंडा रोवायला घेतला आणि दोन्ही संघ हातघाईवर आले. प्रशिक्षक रायन डे यांच्या हकालपट्टीची भाषा सुरू झाली.

वर्षभरापूर्वी विजेतेपदाची आशा तिथेच संपली असती. पण २०२४ पासून बाद फेरीत चारऐवजी बारा संघ घेऊ लागले आणि ओहायो स्टेटला दार उघडं राहिलं. मग त्यांनी टेनेसीला ४२-१७, ओरेगनला ४१-२१ आणि टेक्ससला २८-१४ असं हरवलं. २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोटर डेमविरुद्ध अंतिम सामना होता. शेवटची काही मिनिटं उरली असताना ३१-२३ अशी आघाडी होती, तिसरा प्रयत्न आणि अजून अकरा यार्ड हवे होते. अशा वेळी बहुतेक संघ सांभाळून खेळतात. क्वार्टरबॅक विल हॉवर्डनं पहिल्या वर्षातल्या जेरेमाया स्मिथकडे लांब चेंडू फेकला. ५६ यार्डांचा पल्ला एका झेलात पार झाला. सामना ३४-२३ असा जिंकला.

यात पैसाही अफाट आहे. बरीच वर्षं तो विद्यापीठांकडे आणि प्रशिक्षकांकडे जायचा, मुलांना शिष्यवृत्ती मिळायची. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करता येतात, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयानं मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसेही देऊ शकतात.

हंगाम आपल्या विद्यापीठांनाही असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कबड्डी किंवा खो-खोच्या संघाचा रस्ता आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून निवड, मग पश्चिम विभाग आणि जमलंच तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा असा असतो. पण या स्पर्धा एका ठिकाणी भरतात आणि काही दिवसांत आटोपतात. दर आठवड्याला घरच्या मैदानावर परतणारा सामना त्यांत नसतो, त्यामुळे गल्लीतला पोरगा विद्यापीठाकडून खेळतो हे शेजाऱ्यांना बहुधा निवडीच्या बातमीतूनच कळतं.

दरम्यान या खेळाचं एक हलकं रूप मुंबईमार्गे ऑलिंपिकला पोहोचलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटबरोबर ‘फ्लॅग फुटबॉल’लाही मंजुरी मिळाली. त्यात कुणाला पाडायचं नसतं. चेंडूवाल्याच्या कमरेची फीत ओढली की तो प्रयत्न तिथेच संपतो. एका बाजूला पाच खेळाडू, मैदान ७० यार्ड लांब आणि २५ यार्ड रुंद. शिरस्त्राण नको, चिलखत नको. एक लांबट चेंडू आणि कमरेला लावायच्या वीस फिती एवढ्या सामानावर सामना लागतो.