साडेतीनशे किलोंचे घर

अमेरिकेतील युटा राज्यात कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या उंच पठाराच्या कड्याखालून ‘व्हाइट रिम’ नावाचा सुमारे १६० किलोमीटरचा कच्चा रस्ता वळसा घालून जातो. १९५०च्या दशकात युरेनियमच्या शोधात आलेल्या लोकांसाठी तो खोदला गेला. एका बाजूला तांबडा कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वाटेत पिण्याच्या पाण्याची सोय कुठेही नाही. चारचाकीने हा फेरा पुरा करायला दोन ते तीन दिवस लागतात.

अमेरिकेच्या पश्चिम भागातील अशा रानवाटांवर आजवर अवजड जीप आणि पिकअप यांचेच राज्य होते. आता त्यांच्या शेजारी एक वेगळेच वाहन उभे दिसू लागले आहे. लांबी जेमतेम ३.३ मीटर, रिम बारा इंची, स्टिअरिंग आपल्यासारखे उजव्या हाताला, इंजिन ६६० सीसीचे, आणि मागच्या हौद्यावर दोन माणसे झोपतील एवढी प्लायवूडची खोली. जपानमधून आणलेला हा जुना मिनी ट्रक. एखाद्या खेड्यात पंचवीस-तीस वर्षे भाताच्या रोपांची आणि कोबीची ने-आण करून तो निवृत्त झालेला असतो, आणि मग समुद्र ओलांडून त्याला दुसरा जन्म मिळतो.

हे रूपांतर पाहताना आधी त्यातली कारागिरी नजरेत भरते. मला मात्र त्यामागचा हिशेब जास्त मोलाचा वाटतो. शाळेत शिकलेले बल, दाब, गुरुत्वमध्य, उष्णतेचे वहन हे सगळे धडे या एवढ्याशा गाडीत एकत्र भेटतात, आणि प्रत्येक धडा वजनापाशी येऊन थांबतो.

नावातच हलकेपणा

जपानी भाषेत या वर्गाला ‘केई’ म्हणतात. केई म्हणजे हलके. युद्धानंतरच्या जपानमध्ये सामान्य माणसाला परवडेल असे वाहन हवे होते, म्हणून १९४९ मध्ये हा वेगळा वर्ग ठरवला गेला. इंजिनाची मर्यादा पुढे ३६० सीसी, १९७६ मध्ये ५५० आणि १९९० मध्ये ६६० सीसी झाली. लांबी-रुंदीलाही कायद्याने चौकट घातली. १९९० ते १९९८ या काळातल्या गाडीला ३.३ मीटर लांबी आणि १.४ मीटर रुंदी एवढीच मुभा होती. हौद्यात माल भरायचा तो जास्तीत जास्त ३५० किलो.

या चौकटीत राहून सुझुकी कॅरी, दैहात्सू हायजेट, सुबारू सांबार, होंडा ॲक्टी, मित्सुबिशी मिनीकॅब असे ट्रक घडले. त्या काळच्या सांबारचे इंजिन मागे असते, म्हणून जपानी शेतकरी तिला कौतुकाने ‘शेतवाटेवरची पोर्शे’ म्हणतात. ॲक्टीच्या ‘अटॅक’ या प्रकारात चिखलातून बाहेर पडण्यासाठी अतिसंथ गिअर आणि मागच्या डिफरन्शियलला लॉक मिळतो. बहुतेक ट्रकना तिन्ही बाजूंचे फाळके उघडता येतात.

अमेरिकेच्या १९८८च्या कायद्यानुसार परदेशी गाडी २५ वर्षांची झाली की तिला तिथल्या सुरक्षा मानकांतून सूट मिळते. कॅनडात ही अट १५ वर्षांची आहे. म्हणून १९९०च्या दशकातले ट्रक आता तिकडे जात आहेत. त्यांना रस्त्यावर कुठे आणि किती चालवता येईल, हे मात्र प्रत्येक राज्य आपापले ठरवते.

मराठी वाचकाला हे इंजिन अगदीच परके नाही. त्या काळातल्या कॅरीतील तीन सिलिंडरचे ६५७ सीसीचे इंजिन सुझुकीच्या ‘एफ’ मालिकेतले. आपल्या जुन्या मारुती ८००चे ७९६ सीसीचे इंजिन त्याच घराण्यातला थोरला भाऊ. आणि १९८४ साली आलेली मारुती व्हॅन, पुढे जी ओम्नी झाली, ती तर कॅरीचेच भारतीय रूप. ज्यांनी ओम्नीत सीट उचलून खालचे इंजिन पाहिले आहे, त्यांना युटातला मेकॅनिक कुठे वाकून पाहतो आहे हे लगेच कळेल.

चाकाखालचा तळहात

रिकामा ट्रक सातशे किलोंच्या आसपास भरतो. त्यात दोन माणसे आणि पूर्ण सामान धरले की एकूण वजन साधारण १२०० किलो होते, म्हणजे एका चाकावर सरासरी ३०० किलो. टायरमध्ये ३० पौंड हवा असेल, तर ढोबळमानाने प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २.१ किलोंचा भार पेलला जातो. ३०० ला २.१ ने भागा: सुमारे १४३ चौरस सेंटिमीटर. एक टायर जमिनीला टेकतो तो एवढाच, पसरलेल्या पंजाएवढा.

हवा १५ पौंडांवर आणली की ही टेकण दुप्पट होते. वाळूत चाक रुतण्याऐवजी तरंगल्यासारखे चालते, खडकावर रबर दगडाच्या खाचांत बसते आणि पकड वाढते. भारी गाडीलाही हेच करता येते, पण तिथे एकेका चाकावर सातशे-आठशे किलो असतात. हवा फार उतरवली तर टायरची बाजू चिरडण्याची भीती असते. हलक्या गाडीला हे स्वातंत्र्य जास्त मिळते. परत डांबरी रस्त्याला लागताना हवा भरायला मात्र विसरायचे नाही. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फाटतो.

उतारावरही हलकेपणा कामाला येतो. व्हाइट रिमकडे उतरणारी शेफर ट्रेलची नागमोडी वाट सुमारे साडेचारशे मीटर खाली जाते. १२०० किलोंची गाडी इतकी उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात जवळपास १६ लिटर गार पाणी उकळेल. तीन टनांच्या पिकअपसाठी हाच आकडा ४० लिटरवर जातो. ही सगळी उष्णता ब्रेकने आणि इंजिनाने पचवायची असते. म्हणून अशा उतारावर ब्रेकवर पाय ठेवून न बसता खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या आधाराने उतरायचे.

चढ आणि मोठ्या टायरचा मोह

या इंजिनाचे पीळबल (टॉर्क) फार तर साडेपाच-सहा किलोग्रॅम-मीटर. मग ते चढते कसे? उत्तर गिअरमध्ये आहे. वीस अंशांचा चढ चढायला १२०० किलोंच्या गाडीला सुमारे ४१० किलोंचा जोर लागतो. कच्च्या रस्त्याचा विरोध धरला तर ४५० किलो. समजा, पहिल्या गिअरमध्ये इंजिन वीस वेळा फिरले की चाक एकदा फिरते. घर्षणातली घट वजा करता चाकापाशी साडेतीनशे किलोंचा जोर मिळेल आणि गाडी अर्ध्यात अडेल. आता चारचाकी ओढीचा ‘लो’ गिअर टाकला आणि हेच गुणोत्तर पस्तीस झाले, तर जोर सहाशे किलोंच्या पुढे जातो. इंजिन तेच राहते. वेग देऊन बळ विकत घेतले, एवढाच व्यवहार. म्हणून जाणकार ट्रक निवडताना रंग नंतर पाहतात, लो गिअर आहे का ते आधी पाहतात.

ट्रक घरी आला की पहिला मोह मोठ्या टायरचा होतो. मूळ टायरची त्रिज्या २७ सेंटिमीटर असते. ती २९ केली तर जमिनीपासूनची उंची फक्त दोन सेंटिमीटरने वाढते. पण चाकापाशी मिळणारा जोर सात टक्क्यांनी घटतो, आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवू लागतो. दोन सेंटिमीटरमुळे एखादा दगड चुकतो, हे खरे. त्याहून मोठे टायर बसवायचे तर गिअरही बदलावे लागतात, आणि मग खर्चाला अंत राहत नाही.

टपावरचा तंबू

दुसरा मोह टपावर उघडणाऱ्या तंबूचा. छायाचित्रात तो सुंदर दिसतो. पण डावी-उजवी चाके एकमेकांपासून सुमारे १.२ मीटरवर आहेत. भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर धरला, तर कागदावर ती ४३ अंश कलेपर्यंत उलटत नाही. दोन मीटर उंचीवर ६० किलोंचा तंबू ठेवला की ही मर्यादा ४० अंशांवर येते. त्यात स्प्रिंगखाली ठोकळे घालून गाडी सात सेंटिमीटर उचलली की ३७. प्रत्यक्षात स्प्रिंग दबतात, टायर वाकतात, चाक अचानक खड्ड्यात जाते, त्यामुळे गाडी याच्या कितीतरी आधी उलटू शकते. तेच ६० किलो पाणी, बॅटरी आणि अवजारांच्या रूपाने हौद्याच्या तळाशी, पुढच्या बाजूला बांधले तर गाडीच्या तोलाला जवळपास धक्का लागत नाही. जड ते खाली, हलके ते वर: बैलगाडी भरणाऱ्याला हे सांगावे लागत नसे.

उंच खोलीचे आणखी एक बिल हायवेवर येते. हवेचा विरोध मोडून काढायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. ट्रकवर उंच चौकोनी पेटी बसवली, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला सुमारे २८ किलोवॉट लागतात. साध्या, टर्बो नसलेल्या केई इंजिनाची सगळी ताकद जवळपास तेवढीच असते. ताशी ७० वर हीच गरज दहा किलोवॉटच्या आसपास येते. म्हणून समजूतदार रूपांतरात छत वर-खाली होणारे असते. चालताना ते केबिनच्या उंचीवर बसते, मुक्कामाला कापडी भिंतींसह वर उचलले जाते. आणि प्रवास हायवे सोडून गावांतल्या रस्त्यांनी होतो.

थंडी, श्वास आणि घाम

वाळवंटातली वसंतातली रात्र शून्याखाली जाऊ शकते. आत १८ अंश आणि बाहेर उणे २ धरा. सहा मिलिमीटर प्लायवूडच्या नुसत्या पेटीतून सुमारे १३०० वॉट उष्णता सतत निसटत राहील. आतून २५ मिलिमीटरचा कडक फोम लावला की हीच गळती २८० वॉटच्या आसपास येते. झोपलेला माणूस स्वतः ७०-८० वॉट उष्णता देतो. म्हणजे दोन माणसे नुसती झोपून आपल्या घराची निम्मी गरज भागवतात. मोठ्या गाडीत हे जमत नाही, लहान खोलीतच जमते. आणि या फोमचे वजन सगळे मिळून दहा-बारा किलो. रूपांतरातले याहून चांगले दहा किलो मला दिसत नाहीत.

पण ही दोन माणसे रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून सुमारे अर्धा लिटर पाणीही हवेत सोडतात. ते उघड्या लोखंडावर दवासारखे साचते, गादी ओली करते, पत्रा गंजवते. म्हणून कितीही थंडी असली तरी खाली एक आणि वर एक झरोका उघडा हवा. बंद खोलीत गॅसची शेगडी पेटवून ऊब घेणे जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला तो जाग येऊ देत नाही. हीटर लावायचाच तर ज्याचा धूर बाहेर जातो आणि ज्वलनाची हवाही बाहेरून येते असा, आणि उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. या अलार्मच्या ग्रॅमांची कंजुषी करू नये.

सुरक्षेचे आणखी एक सत्य सांगायला हवे. या ट्रकमध्ये चालकाचे पाय पुढच्या पत्र्याच्या लगेच मागे असतात, आणि त्या काळच्या बहुतेक गाड्यांत एअरबॅग नाही. संथ रानवाट हेच त्यांचे खरे स्थान आहे.

वजनकाटा

आता सगळे मांडून पाहू. बारा मिलिमीटर प्लायवूडच्या भिंती आणि छत केले तर ८० किलो जातात, सहा मिलिमीटरमध्ये तेच काम ४० किलोंत होते. शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी बारा-तेरा किलोंची. तेवढ्याच क्षमतेची शिशाची बॅटरी दुपटीहून जड, आणि तिची निम्मीच वीज निर्धोकपणे वापरता येते. माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरले, तर तीन दिवस आणि एक राखीव दिवस यांसाठी दोघांना ३२ किलो. गादी, भांडी, स्टेपनी, जॅक, फावडे, हवेचा पंप, अन्न. सगळ्यांनी मिळून ३५० च्या आत राहायचे. जपानमध्ये अशी खोली हौद्यावर माल म्हणून ठेवतात. ती उतरवता येते, आणि सोमवारी ट्रक पुन्हा शेतावर जातो.

आपल्याकडे २००५ साली टाटा एस आला आणि लोकांनी त्याला ‘छोटा हाथी’ म्हटले. त्याच्या हौद्याकडे पाहून असे घर सुचले तर नवल नाही. मात्र मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला सहसा परवानगी देत नाही, हे आधी वाचावे.

हत्यार हाती घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगेन. घर बांधून झाले, पाणी भरले, दोघे आत बसलात, की रानाकडे वळण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. पुढची चाके वेगळी तोला, मागची वेगळी. आकडा जास्त आला तर तिथेच फाळका उघडा आणि काय उतरवायचे ते ठरवा. प्रवासाचा पहिला मुक्काम तोच. जे तिथे उतरते, ते चढावर ओढावे लागत नाही आणि उतारावर ब्रेकलाही पेलावे लागत नाही.